अ‍ॅपलाचियन ट्रेल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात मी अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅपलाचियन ट्रेल या पायवाटेची ओळख करून दिली होती. जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत चौदा राज्ये ओलांडणारी ही वाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची आहे. ती एका मोसमात सलग चालून पूर्ण करणाऱ्यांना तेथे ‘थ्रू-हायकर’ म्हणतात. मी ती तशी चालले असल्यामुळे वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी अनेक वर्षे सह्याद्रीत भटकंती करतो. अलंग-मदन-कुलंग आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट हे ट्रेक मी केले आहेत. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर दोराची गरज पडत नाही, असे आपण लिहिले होते. मग आमच्यासारख्यांना ती वाट सोपी जाईल, असे समजावे का? (एक वाचक, पुणे)

दोराची गरज पडत नाही, हे खरे आहे. तरीही संपूर्ण वाट चालायची म्हणून निघालेल्या दर चार जणांपैकी साधारण एकच शेवटपर्यंत पोहोचतो आणि उरलेले तिघे काही कड्यावरून पडत नाहीत. नडगीचे दुखणे, गुडघा, पायाच्या हाडाला गेलेली बारीक चीर, आठवडाभर न थांबणारा पाऊस, संपत आलेले पैसे आणि घरची ओढ ही त्यांच्या परतण्याची नेहमीची कारणे आहेत. सह्याद्रीतला ट्रेक दोन-तीन दिवसांचा असतो. तेथे शरीराला हवे तेवढे ताणता येते, कारण सोमवारी कार्यालयात बसून ते भरून निघणार असते. या वाटेवर तो सोमवार येत नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. स्नायुबंध आणि हाडे यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे पंधरा-वीस दिवसांनी अंगात बळ आल्यासारखे वाटते आणि माणूस रोज तीस किलोमीटर चालू लागतो, तेव्हाच दुखापती होतात. तरुण आणि तयारीच्या ट्रेकर्सना हा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, असे माझे निरीक्षण आहे. पहिले तीन आठवडे रोज बारा ते पंधरा किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन.

चढाई कमी आहे, असेही समजू नका. संपूर्ण वाटेवरील चढ एकत्र केला तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढल्याइतका होतो, असा हिशेब सांगितला जातो. सुरुवातीपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर नील गॅप ही खिंड लागते. तेथील एका जुन्या दगडी इमारतीच्या आरपार ही वाट जाते आणि त्या इमारतीत गिर्यारोहणाच्या साहित्याचे दुकान आहे. दारातल्या झाडावर बुटांचे जोड लटकत असतात. अनेक जण तेथेच सॅक रिकामी करून जड सामान घरी पाठवतात आणि काही जण स्वतःही घरी जातात.

सह्याद्रीत कमावलेली नजर आणि तोल यांचा आपल्याला खरा उपयोग होईल तो वाटेच्या उत्तर टोकाला. न्यू हॅम्पशायरमधील व्हाइट माउंटन्समध्ये झाडोरा संपून उघडा कातळ लागतो. मेनमध्ये शिरल्यावर महूसक नॉच नावाची घळ लागते. तिची लांबी एक मैलच आहे, पण घराएवढे धोंडे एकमेकांवर रचलेले असल्यामुळे ती पार करायला दीड-दोन तास सहज लागतात. काही ठिकाणी सॅक उतरवून पुढे ढकलत धोंड्यांखालून सरपटावे लागते आणि त्यांच्या फटींमध्ये जुलैतही बर्फ आढळतो. नळीची वाट चढलेल्या माणसाला ती घळ आवडेल. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी आधी जवळपास तीन हजार किलोमीटर पाय सांभाळावे लागतात आणि ते काम रोज संध्याकाळी करायचे असते. मुक्कामावर पोहोचताच बूट-मोजे काढावेत, पाय धुऊन पूर्ण कोरडे करावेत, बोटांच्या बेचक्या तपासाव्यात, जेथे त्वचा गरम किंवा लाल वाटेल तेथे फोड येण्याआधीच चिकटपट्टी लावावी आणि झोपण्यासाठी राखलेले कोरडे मोजे घालावेत. सकाळी ते कोरडे मोजे काढून कालचे ओले मोजे पुन्हा घालणे हा दिवसातला सर्वांत नकोसा क्षण असतो; पण कोरडा जोड वाटेवर भिजवला तर रात्री थंडीत काहीच उरत नाही. हे जो न चुकता करतो, तो टिकतो.

प्रश्न : पर्यटक व्हिसावर ही वाट पूर्ण करता येईल का? परवाने कोणते लागतात? (एक वाचक, नागपूर)

करता येते, पण वेळेचा मेळ घालावा लागतो. पर्यटक म्हणून किती दिवस राहता येईल हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि ही मुदत साधारणपणे सहा महिन्यांची असते. पासपोर्टमधील व्हिसा दहा वर्षांचा असला तरी प्रवेशाच्या वेळी मिळालेली तारीखच बंधनकारक असते. वाट पूर्ण करायला बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. दक्षिणेकडून निघणारे मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करतात आणि कटाडिनवरील चढाई ऑक्टोबरच्या मध्याला, हवामान बिघडल्यास त्याआधीही, बंद होते. म्हणून अमेरिकेत उतरल्यावर नातेवाइकांकडे महिनाभर राहून मग निघण्याचा बेत करू नये. भेटीगाठी वाट संपल्यावर उरलेल्या दिवसांत कराव्यात.

संपूर्ण वाटेसाठी एकच परवाना नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानासाठी शुल्क भरून, शेनान्डोह राष्ट्रीय उद्यानात मुक्कामासाठी आणि अखेरीस बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये, जेथे कटाडिन आहे, स्वतः हजर राहून परवाना घ्यावा लागतो. अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे निघण्याची तारीख नोंदवणे ऐच्छिक व विनामूल्य आहे. ते अवश्य करावे, म्हणजे एकाच दिवशी फार गर्दी होत नाही.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पूर्ण शाकाहारी आहोत, अंडीही खात नाही. एवढे दिवस काय खाणार? सगळे इथूनच करून न्यावे का? (एक वाचक भगिनी, नाशिक)

सगळे इथून करून नेऊ नका. एकतर अमेरिकेत प्रवेश करताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो आणि त्यातील काही पदार्थ अडवलेही जातात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. घरी बसून सहा महिन्यांचे डबे भरणारी माणसे महिन्याभरात त्याच चवीला विटतात. वाटेवरच्या अनेक वसतिगृहांत नको असलेल्या वस्तू टाकण्याचा एक खोका असतो, त्यात अशी निगुतीने भरलेली पाकिटे पडलेली दिसतात.

वाट दर तीन ते पाच दिवसांनी एखादा रस्ता ओलांडते. तेथून जवळच्या गावात जाऊन पुढच्या टप्प्याचा शिधा घ्यायचा, ही रीत आहे. चालणाऱ्याला दिवसाला चार ते पाच हजार कॅलरी लागतात आणि एवढे अन्न पाठीवर वाहायचे असल्यामुळे कमी वजनात अधिक ऊर्जा देणारे, म्हणजे स्निग्ध पदार्थ, निवडावे लागतात. लहान गावातल्या दुकानातही शेंगदाण्याचे लोणी, मक्याच्या किंवा गव्हाच्या पातळ पोळ्या, झटपट शिजणारा भात, बटाट्याचा कोरडा कीस, ओट्स, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल मिळते. पाकिटावरचे घटक मात्र वाचलेच पाहिजेत. शेवयांच्या पाकिटातील मसाल्यात बहुधा कोंबडीचा किंवा गाईच्या मांसाचा अर्क असतो, काही चीजमध्ये दूध साकळवण्यासाठी वापरलेले प्राणिज रेनेट असते आणि चघळायच्या गोळ्यांमध्ये जिलेटिन असते. ‘भाजीचे सूप’ एवढ्या नावावर विसंबू नये.

आपल्या स्वयंपाकघरातील काही गोष्टी या वाटेसाठी उत्तम आहेत आणि अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानात त्या मिळतात. पातळ पोहे, भाजलेला रवा, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ आणि तूप या वस्तू मी वारंवार वापरल्या. रवा आधीच फोडणी घालून, मीठ-साखर मिसळून, एका वेळेच्या पिशव्यांत भरून ठेवला तर उकळते पाणी ओतून झाकण ठेवल्यावर दहा मिनिटांत उपमा होतो आणि इंधनही फार जळत नाही. व्हर्जिनियात सलग पावसाच्या दिवसांत, तिन्ही बाजूंनी भिंती आणि चौथी बाजू उघडी अशा लाकडी शेल्टरमध्ये बसून, झटपट भातावर दोन चमचे तूप आणि मेतकूट घालून मी जेवत असे, तेव्हा शेजारी आपापली पाकिटे फोडणारी मंडळी तो वास घेऊन चौकशी करत. मूठभर मेतकूट त्यांना देणे हा माझ्या दिवसातला फार आनंदाचा भाग असे. डाळ मात्र टाळा. ती शिजेपर्यंत गॅसचे नळकांडे निम्मे होते.

या वस्तूंची खोकी परिचितांकडून टपालाने मागवता येतात. अमेरिकेतील टपाल कार्यालये ‘जनरल डिलिव्हरी’ असा पत्ता घातलेले पार्सल ठेवून घेतात आणि ओळखपत्र दाखवल्यावर देतात. लहान गावातील टपाल कार्यालय शनिवारी दुपारनंतर बंद असते, रविवारी उघडत नाही. शुक्रवारी रात्री पोटापुरते अन्न शिल्लक असताना ते अजून वीस किलोमीटर दूर असेल, तर काय होईल याचा विचार करून खोके कोठे पाठवायचे ते ठरवा. सात-आठ खोकी पुरेत, बाकीचे वाटेवरच घ्या.

प्रश्न : माझे वय ५८ आहे. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. रोज सात-आठ किलोमीटर चालते. मुलगी व्हर्जिनियात असते. एकटीने ही वाट चालण्याचा विचार या वयात करावा का? (एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

ताई, अवश्य करावा. एमा गेटवूड या बाई १९५५ साली ही संपूर्ण वाट एकट्या चालल्या, तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या. अकरा मुले वाढवलेल्या त्या शेतकरी बाईंच्या पायात कापडी बूट होते, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती आणि पावसासाठी त्यांनी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा घेतला होता. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी मेनमधून सुरुवात केली होती, पण रस्ता चुकल्यामुळे त्यांना परतावे लागले होते. पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या टोकाकडून निघाल्या. एवढ्यावर न थांबता १९५७ साली त्या पुन्हा एकदा संपूर्ण वाट चालल्या.

मात्र आपण रोज सपाटीवर, मोकळ्या हातांनी चालत असाल तर तयारीत थोडा बदल हवा. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढा आणि त्याहूनही अधिक लक्ष उतरण्याकडे द्या. पन्हाळा आपल्याला जवळ आहेच. दोन्ही हातांत काठ्या घेऊन उतरण्याची सवय केली तर गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो. त्यानंतर मुलीकडे जाल तेव्हा संपूर्ण वाटेचा संकल्प न करता शेनान्डोह राष्ट्रीय उद्यानातला सुमारे १६० किलोमीटरचा टप्पा चाला. तेथील चढ सौम्य आहेत आणि मोटारीचा रस्ता वाटेला वारंवार छेदत असल्यामुळे गरज पडल्यास मुलगी कोणत्याही दिवशी न्यायला येऊ शकते. तो टप्पा झाल्यावर पुढचे ठरवणे आपल्याला सोपे जाईल.

एकटेपणाविषयी आपण विचारले आहे. वसंत ऋतूत दक्षिणेकडच्या भागात इतके चालणारे असतात की एकांत मिळणेच कठीण जाते, आणि एकट्या चालणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ भेटतात. तरीही काही नियम पाळावेत. घरच्यांना पुढच्या चार दिवसांचे मुक्काम कळवून ठेवावेत, उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र जवळ असावे, कारण डोंगरात फोनला रेंज नसते, रस्त्यावर अनोळखी गाडीला हात करताना सोबत दुसरे कोणी असावे, आणि एखाद्या मुक्कामावरचा माणूस मनाला खटकला तर कारण शोधत न बसता पुढे निघावे. भिडेखातर तेथे थांबू नये.

प्रश्न : अस्वलांची भीती किती खरी आहे? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

या वाटेवर काळी अस्वले आहेत, पण ती बहुधा माणसाची चाहूल लागताच निघून जातात. समोर आलेच तर पळू नये. हात वर करून, मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे. त्यांना माणूस नको असतो, अन्न हवे असते. म्हणून रात्री सर्व अन्न कडक डब्यात बंद करून तंबूपासून दूर ठेवतात. जॉर्जियातील एका टप्प्यात वसंत ऋतूत मुक्काम करायचा असेल तर असा डबा सक्तीचा आहे. वास येणारी प्रत्येक वस्तू त्यातच जाते. टूथपेस्ट, बाम, खोबरेल तेलाची बाटली आणि देवासाठी नेलेली उदबत्तीसुद्धा.

आपण भीती बाळगायचीच असेल तर ती गोचिडीची बाळगा. ईशान्येकडील राज्यांत हरणांच्या अंगावरची गोचीड चावल्याने लाइम हा आजार होतो. गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि ते काखेत, गुडघ्यामागे, केसांच्या कडेला चिकटून बसते. साधारण एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहिल्याशिवाय ते सहसा आजार देत नाही, म्हणून रोज रात्री विजेरीच्या उजेडात सर्व अंग तपासणे हाच उपाय. सापडल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावे. तेल लावू नये, चटका देऊ नये. पुढच्या महिन्याभरात वर्तुळाकार लाल चट्टा उठला, किंवा चट्टा नसतानाही ताप आणि सांधेदुखी सुरू झाली, तर लगेच डॉक्टर गाठावा. वेळेवर प्रतिजैविके घेतली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच लावून वाळवावे. आणखी एक गोष्ट : शेल्टरमध्ये पसरणारा उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस हातावर चोळायच्या सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि पाणी वापरावे, पण ओढ्यापासून दूर.

प्रश्न : मी नर्मदा परिक्रमा पायी केली आहे. अ‍ॅपलाचियन ट्रेलच्या वर्णनात मला तिचीच आठवण झाली. दोन्हींत साम्य आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

काका, मी परिक्रमा केलेली नाही; माझ्या घरातील वडीलधाऱ्यांकडून तिच्याविषयी जे ऐकले आहे त्यावरून लिहिते. परिक्रमेत माणूस मैयाला उजवीकडे ठेवून चालतो आणि तिच्या काठची गावे त्याला सदावर्त देतात, निवारा देतात. अ‍ॅपलाचियन ट्रेलवर प्रत्येक जण आपला शिधा आपल्या पाठीवर वाहतो आणि वाट वस्तीपासून मुद्दाम दूर ठेवलेली आहे. असे असूनही रस्ता ओलांडताना एखादे कुटुंब फळे, थंड पेये घेऊन अनोळखी चालणाऱ्यांची वाट पाहत बसलेले दिसते. घेणाऱ्याने केवळ घ्यायचे असते. पैसे देऊ केले तर त्यांना वाईट वाटते. हे सदावर्ताच्या फार जवळचे आहे, असे मला वाटले.

मोठा फरक आहे तो वाटेच्या सांभाळात. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली या वाटेची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग जोडली गेली. ती खणली आणि आखली मुख्यतः स्वयंसेवकांनी. आजही सुमारे तीस स्थानिक मंडळे आपापला टप्पा सांभाळतात, पडलेली झाडे कापतात, ओढ्यांवर फळ्या टाकतात आणि झाडांवरचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवतात. पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच अशा त्या पट्ट्यांच्या आधाराने सर्व चौदा राज्ये ओलांडता येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने दक्षिणेकडील शेकडो किलोमीटर वाटेवर झाडे आडवी केली, अर्विन गावाजवळचा नदीवरचा पूल वाहून नेला. त्यानंतर करवती घेऊन आधी डोंगरात गेले ते हेच लोक. शिवाय १९६८ साली संसदेने केलेल्या कायद्याने या वाटेला राष्ट्रीय संरक्षण मिळाले, तिच्यासाठी दुतर्फा जमीन घेतली गेली.

नर्मदेच्या काठच्या कितीतरी जुन्या पाऊलवाटा धरणांच्या पाण्याखाली गेल्या आणि परिक्रमावासींना डांबरी रस्त्यांनी, ट्रकच्या वाहतुकीतून चालावे लागते, असे आपल्यासारख्या अनेकांनी मला सांगितले आहे. शतकानुशतके चाललेल्या वाटेला कायद्याने एक पाऊलवाट म्हणून ओळखावे, काठावर तिच्यासाठी जागा राखावी, ही मागणी परिक्रमावासींनी एकत्रितपणे करावी, असे मला मनापासून वाटते. आपल्या सह्याद्रीतल्या घाटवाटांनाही त्याची तितकीच गरज आहे.

प्रश्न : मी गेल्या वर्षी स्प्रिंगरपासून निघून व्हर्जिनियातील डमास्कसपर्यंत चाललो. गुडघा सुजल्यामुळे परतावे लागले. नातेवाईक अजूनही ‘अर्धवट सोडून आलास’ म्हणतात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी का? (एक वाचक, न्यू जर्सी)

पहिल्यापासून करण्याचे काही कारण नाही. डमास्कसपर्यंत आपण साडेसातशे किलोमीटर चाललात आणि ते आपल्या खाती जमा आहेत. ज्याने संपूर्ण वाट चालली त्याची नोंद कॉन्झर्व्हन्सी करते. ती एका मोसमात चालली की वीस वर्षांत, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने, यावरून भेद करत नाही. सुजलेला गुडघा घेऊन पुढे गेला असता तर कदाचित कायमचे नुकसान झाले असते. थांबण्याचा निर्णय योग्य होता आणि तो घेणे सोपे नसते, हे नातेवाइकांना ठाऊक नसले तरी मला ठाऊक आहे.

आता आपल्या घराजवळूनच पुन्हा चालायला लागा. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावर प्रथम व्हर्नन येथील दलदलीवरच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर चाला; ती सपाट आहे आणि ट्रेलचाच भाग आहे. ते निर्वेध झाले की तेथूनच पुढे ‘स्टेअरवे टू हेवन’ म्हणून ओळखली जाणारी वावायांडाची खडी चढण घ्या, प्रथम रिकाम्या पाठीने आणि नंतर भरलेल्या सॅकसह. चढताना गुडघा काही सांगणार नाही, उतरताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना सांगेल. सूज आली तर आणखी दोन आठवडे थांबा. न आल्यास न्यू यॉर्कमधील हॅरिमन स्टेट पार्कचा टप्पा शनिवार-रविवारी करता येईल. अ‍ॅपलाचियन ट्रेलचा सर्वांत पहिला भाग १९२३ साली तेथेच, बेअर माउंटनजवळ, खुला झाला होता. पुढे पॉलिंगजवळ ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल’ याच नावाचे रेल्वे स्थानक आहे आणि शनिवार-रविवारी काही गाड्या तेथे थांबतात, त्यामुळे मोटार नसली तरी अडत नाही. डमास्कसला परत जाताना सॅकचे वजन, अन्न-पाणी वगळून, सात किलोच्या आत आणा. व्हर्जिनियात संपूर्ण वाटेचा जवळपास चौथा हिस्सा आहे. तो पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यानंतर, थंडी ओसरल्यावर घ्या आणि पहिले दहा दिवस पंधरा किलोमीटरवरच थांबा.